दोन्ही बाजूंनी पांढरा दगड

सागझिरा, ता. शिरपूर
१४ ऑक्टोबर १९८८

हिलाल,

तुला पत्र लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. लिहू नको असंही सांगितलेलं नाही. आपल्या घरात तुझं नावच निघत नाही, तर मनाई तरी कोण करणार? म्हणून लिहिते. पत्ता बन्सीलालशेटच्या माणसाकडून मिळाला, त्याचं जळगावला जाणं-येणं असतं. तू जळगावला मेहरूणमध्ये ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका गॅरेजात वेल्डिंग करतोस आणि वाळलास, एवढं त्यानं सांगितलं.

इकडे सगळं ठीक. नाना ठीक आहेत. चुडामणचा ट्रॅक्टर आठवड्यातून दोन दिवस चालतो, बाकीचे दिवस हेच तुझे मेव्हणे त्याच्याखाली झोपलेले असतात. माझी अंगणवाडी चालू आहे.

लिहायला कारण असं की नवे पाळक आलेत. धुळ्याचे आहेत, मिसरूड नुकतंच फुटलंय, पण बोलणं मोठ्या माणसाचं. डोंगरावरच्या आपल्या देवळाला नव्वद वर्षं होतील, म्हणून त्यांना एक पुस्तिका छापायची आहे. "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे," असं म्हणून त्यांनी इतिहास माझ्या गळ्यात घातला.

परवा त्यांना घेऊन वर गेले. तुला आठवत असेल तसंच आहे सगळं. पत्र्याचं छप्पर, सागवानी दार, घंटेच्या जागी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ते सगळं त्यांनी चटकन बघून घेतलं आणि आवाराच्या भिंतीपाशी थांबले. विचारलं, काही दगड पांढरे आणि काही काळे का? मी सांगितलं की आपल्यात मूल बाप्तिस्म्याला नेतात तेव्हा त्याच्या नावाचा एक दगड खालच्या ओढ्यातून, आपल्या झिऱ्यातून, उचलून वर आणतात, भिंतीत बसवतात आणि बाहेरच्या बाजूला चुना लावतात. दरवर्षी नाताळच्या आधी सगळे वर येऊन आपापला दगड पांढरा करतात. जो बाहेरगावी असेल त्यानं निरोप पाठवायचा, मग घरचं कोणी त्याच्या दगडाला चुना लावतं. माणूस मेलं की तिसऱ्या दिवशी थोरला मुलगा वर येऊन दगड उलटा करतो. पांढरी बाजू आत जाते, काळी बाहेर येते. त्यानंतर त्या दगडाला कोणी हात लावत नाही. वर सगळा कातळ आहे, खणता येत नाही. माती खाली झिऱ्याकाठी होते. वर फक्त दगड.

त्यांना फार आवडलं. लिहून घेत होते. मग भिंतीच्या कडेनं चालता चालता त्यांनी एका काळ्या दगडावर हात ठेवला आणि विचारलं, "हा कोणाचा?"

मी म्हटलं, "माझ्या भावाचा."

"अरेरे. कधी वारले?"

"वारला नाही. मेहरूणला आहे."

मग सांगावं लागलं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत तू केळीच्या ट्रकवर क्लीनर होतास. तो ट्रक सेंधव्याच्या घाटात पडला आणि जळाला. मालकाचा माणूस येऊन सांगून गेला की ड्रायव्हर आणि क्लीनर दोघेही गेले, ओळखण्यासारखं काही उरलं नाही, तिकडेच उरकलं. तुला मुलगा नाही, बायको नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी बाप असून नानांनीच वर जाऊन तुझा दगड उलटा केला. आणि पोळ्याच्या सुमाराला तू दारात उभा. सोनगीरच्या ढाब्यावर ड्रायव्हरशी भांडून उतरला होतास, तुझ्या जागी भलताच कोणी चढला होता आणि तू दुसऱ्या ट्रकनं दिल्लीला जाऊन आला होतास. एक कार्ड टाकायला तुला वेळ नव्हता. ही तुझी जुनी खोड.

पुढचं मी पाळकांना सांगितलं नाही. तू वर जाऊन तो काळा दगड बघून आलास, जेवायला बसलास आणि नानांना म्हणालास, तो सुलटा करा. नानांनी ताटातून वर न बघता सांगितलं, "उलटा दगड सुलटा करानी रीत नही शे." तू म्हणालास, "मंग मी मरेलच शे, समजी ल्या." आणि उठलास. मी भाकरी थापत होते. ती करपली एवढंच मला त्या दिवसाचं नीट आठवतं.

पाळक विचारत होते, रीत अशी का? मला माहीत नाही. नानांना विचारून लिहीन.

तुझी,
अक्का


सागझिरा
२० नोव्हेंबर १९८८

हिलाल,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी एक ओळ. "मेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का?"

मेलेला माणूस कार्ड टाकतो का? कोऱ्या कार्डावर पंधरा पैशांचं तिकीट चिकटवायला जीभ लागते ना?

असो. इतिहास विचारला नानांना. ते हल्ली सावकाश बोलतात, त्यामुळे मला लिहून घ्यायला बरं पडतं. एका बैठकीत एवढंच होतं, मग ते थकतात. वय झालं, दुसरं काही नाही.

तर ऐक. संवत छप्पनच्या, म्हणजे नव्वद वर्षांमागच्या दुष्काळात हान्सन नावाचा गोरा साहेब इथे आला. त्यानं डोंगरावर झोपडी बांधली आणि खाली धान्य आणलं, मक्याची पोती. पण फुकट दिलं तर माणसाची मान खाली जाते, असं त्याचं मत होतं. मग त्यानं ठरवलं की प्रत्येकानं झिऱ्यातून आपल्या नावाचा एक दगड वर आणायचा. दगड आणला की त्या माणसाच्या नावानं रोज शेरभर मका सुरू. साहेबाला झोपडीच्या दारातून मोजता यावेत म्हणून दगडांना चुना लावला. भिंत अशी उभी राहिली. त्यात आपलेच लोक होते असं नाही. नानांच्या दोस्ताचे, भटू आबांचे आजोबाही होते, खालच्या गावातले कितीतरी शेतकरी होते. पाऊस पडल्यावर ते आपल्या देवांकडे परत गेले, दगड मात्र वरच राहिले. म्हणून भटू आबा अजून दरवर्षी नारळ आणि चुना घेऊन येतात. यंदा त्या नारळाचं काय करायचं ते पाळकांना कळेना, मी सांगितलं, खोबरं करा.

आता आपली पणजी, भिकुबाई. तिचा नवरा धनसिंग त्याच दुष्काळात हगवणीनं गेला. त्याला पुरून ती तिसऱ्या दिवशी वर गेली आणि त्याचा दगड तिनं उलटा करून ठेवला. साहेबानं विचारलं, हे काय? ती म्हणाली, मेलेला खात नाही, त्याच्या नावाचा मका बंद करा. घरात तीन पोरं उपाशी होती आणि हिला हे सुचलं. साहेबानं डोक्यावरची टोपी काढली म्हणे. पाळकांना टोपीचा भाग पुस्तिकेत हवाय. नानांना भिकुबाईचा हवाय. मी दोन्ही लिहिलंय.

आणि तुझ्या दगडाची रीत. पुढे कोणीतरी आपल्या मेलेल्या भावाचा दगड गुपचूप सुलटा केला आणि त्याच्या नावाचा मका खाल्ला. उघडकीला आलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की एकदा उलटा झालेला दगड परत सुलटा करायचा नाही. कोणाचाही, कशासाठीही. तो भाऊ कोण होता ते नाना सांगत नाहीत. आपल्यातलाच असणार, नाहीतर सांगितलं असतं.

म्हणजे तुम्ही दोघं बापलेक नव्वद वर्षांपूर्वीच्या शेरभर मक्यावरून भांडताय. हे मी नानांना म्हटलं. त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

नाताळला ये म्हणणार नाही. म्हटलं तर येणार नाहीस, तुला मी ओळखते. चुना कधी लावायचा ते तुला माहीत आहे. निरोप पाठवलास तरी चालेल. पण उलट्या दगडासाठी निरोप तरी कसला पाठवशील, हे लिहिताना लक्षात आलं.

तुझी,
अक्का


सागझिरा
१९ डिसेंबर १९८८

हिलाल,

मी दोन पत्रांत लिहिलं की नाना ठीक आहेत. ठीक नाहीत. सप्टेंबरात त्यांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तोंड जरा वाकडं झालं. शिरपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "त्याले कळाडू नको," असं नानांनी मला डोळे वटारून सांगितलं होतं, म्हणून लिहिलं नाही. तू डाव्या हाताच्या तांब्यावरून ओळखशील असं वाटलं होतं. नाही ओळखलंस.

आता का लिहिते ते सांगते.

परवा शनिवारी चुन्याचा दिवस होता. सकाळी नाना म्हणाले, मला वर न्या. मी नाही म्हटलं. त्यांनी भाकरी बाजूला सारली. तोंडातला घास थुंकला. लहान मुलासारखं चाललं होतं. शेवटी चुडामणनं आणि भटू आबांच्या दोन्ही मुलांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्यांना वर नेलं. मी चुन्याची बादली घेऊन मागून. वाटेत तीनदा उतरवावं लागलं, दर वेळी ते म्हणत, चाला, चाला.

वर आपले सगळे होते. पाळक नवे कपडे घालून आले होते, त्यांच्या पँटवर पहिलाच फटकारा उडाला. आम्ही नानांना त्यांच्या दगडापुढे बसवलं. त्यांनी डाव्या हातात केकताडाच्या धाग्यांचा कुंचा घेतला आणि आपल्या दगडाला चुना लावला. वेडावाकडा, पण लावला. माझा मी लावला. आईच्या दगडाला हात लावायचा प्रश्न नव्हता, तो काळा आहे. त्याच्या शेजारी तुझा काळा.

मला वाटलं, आता परत न्यायचं. नाना बसल्या जागी सरकले. बुडावर, एका हातानं रेटा देत. कोणाला उचलू दिलं नाही. तुझ्या दगडापर्यंत गेले, कुंचा बादलीत बुडवला आणि त्याच्या काळ्या बाजूवर फिरवला.

आपले पंच पुढे होऊन म्हणाले, "नाना, हाऊ उलटा दगड शे."

नानांना शब्द सापडायला वेळ लागतो. कुंचा चालूच होता. मग म्हणाले, "सुलटा करानी रीत नही शे. पन चुना लावू नही, अशी बी रीत नही शे."

पंचांनी डोकं खाजवलं. भटू आबा एका बाजूला नारळ धरून उभे होते, ते हसायला लागले आणि मग डोळे पुसायला लागले. नव्वद वर्षांत कोणी उलट्या दगडाला चुना लावलेला नाही, म्हणून लावू नये असं कोणी कधी ठरवलेलंही नाही.

आता भिंतीत तुझा एकच दगड असा आहे की तो आतूनही पांढरा आहे आणि बाहेरूनही. मेलेल्यांच्या रांगेत आहे, पण पांढरा आहे.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बादली धुतली, खाली उतरले, स्वयंपाक केला. दोन वर्षं झाली, मला काहीच धड वाटत नाही. दुखत नाही, पण सुखही लागत नाही. बाळंतिणीला भूल दिल्यावर कसं, बाई जागी असते आणि पोट दुसऱ्याचं असतं, तसं.

नाना जे करू शकत होते ते त्यांनी केलं. आता तू ये. मी सांगते म्हणून नको, बघायला ये.

तुझी,
अक्का


सागझिरा
२७ फेब्रुवारी १९८९

हिलाल,

नाना गुरुवारी सकाळी गेले. चहा घेतला, खाटेवर टेकले आणि गेले. त्रास झाला नाही.

चुडामण शिरपूरला जाऊन तार करून आला. ती तुला मिळाली. गॅरेजच्या मालकानं सही करून घेतली आणि तुझ्या हातात दिली, असं बन्सीलालशेटच्या माणसानं विचारून सांगितलं. म्हणजे मिळाली नाही असं म्हणू नकोस.

झिऱ्याकाठी आईच्या शेजारी माती दिली. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे वर गेलो. थोरला मुलगा लागतो. आम्ही दुपारपर्यंत बसलो. पाळकांनी दोन गाणी जास्त म्हटली. मग पंच म्हणाले, चुडामणनं करावं, जावई म्हणजे मुलगाच. चुडामण उठला. मी म्हटलं, बस खाली.

तो बसला. सगळे उतरले.

नानांचा दगड पांढऱ्या बाजूनं बाहेर आहे. भिंतीप्रमाणे ते जिवंत आहेत.

अक्का


सागझिरा
१० सप्टेंबर १९८९

हिलाल,

सहा महिने मी लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं नाही, खरं कारण एवढंच.

पाऊस चांगला झाला. नानांच्या दगडावरचा चुना पावसानं बराच धुपला, पण अजून पांढरा दिसतो. खालून, अंगणवाडीच्या दारातून, ऊन पडलं की दिसतो. मुलांना रांगेत बसवताना माझी नजर आपोआप तिकडे जाते. मी काही मुद्दाम बघत नाही.

लोक बोलतात. बाया म्हणतात, मंजुळा बापाला सुटू देत नाही. पंच दोनदा घरी येऊन गेले. पाळक म्हणाले, ताई, तारण दगडावर अवलंबून नसतं. मी म्हटलं, मग पुस्तिकेत दगडांची चार पानं कशाला घेतलीत? त्यांनी वही मिटली. चांगला मुलगा आहे, उगाच बोलले मी. त्यांची पुस्तिका नानांमुळे अडली आहे. शेवटच्या पानावर नानांचं नाव जिवंतांच्या यादीत टाकायचं की मेलेल्यांच्या, ते त्यांना कळत नाही.

मी एकदा एकटीच वर गेले होते. म्हटलं, करून टाकू. मुलीनं करू नये असं तरी कुठे ठरवलंय? नानांनीच शिकवलंय असं बोलायला. दगडाला हात घातला. हलत होता, जड नव्हता. पण नाही केला. हे तुझ्यासाठी राखून ठेवलंय असं समजू नकोस. मला तुझा राग आहे, नानांचाही आहे, आणि त्या दोन रागांच्या मध्ये दगड आहे तिथेच राहिला.

आता खरी गोष्ट. ती सांगायला बसलेय आणि मघापासून पावसाबद्दल लिहितेय.

मागच्या आठवड्यात भटू आबा पपई घेऊन आले. ओट्यावर बसले. नानांचा विषय निघाला. मी म्हटलं, आबा, एवढा हट्ट कशाला हवा होता? पोरगा जिवंत दारात उभा होता. रीत काय बापापेक्षा मोठी? आबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. त्यांचेच शब्द लिहिते, माझ्या शब्दांत नको.

"तुना बाप माले एकदाव बोलना. म्हने, भटू, त्या गाडीमा कोन तरी मायना पोऱ्या जळी गया. त्यानं नाव कोनले म्हाईत नही, त्याना दगड कोठेच नही. मी हिलालना समजीसन त्याना करता प्रार्थना करी, दगड उलटा करा. तो दगड आते त्याना शे. त्याले दिन्हा. आते परत कसा मांगू?"

मी आबांना विचारलं, हे त्यांनी हिलालला का नाही सांगितलं? आबा म्हणाले, "तो इचारासाठे थांबना का?"

तू थांबला नाहीस, हे खरं. पण नाना तरी तुझ्या मागे दारापर्यंत आले का? तेही नाही. दोघेही एकाच मातीचे. आणि मी भाकरी करपेपर्यंत तव्याकडे बघत बसले.

तुझ्या जागी सोनगीरला चढला तो पोरगा कोण होता, तुला तरी माहीत आहे का? तू त्याला बघितलं असशील. तुझी घोंगडी त्यानं घेतली असेल. नानांनी त्याला कधी पाहिलं नाही आणि तुझा दगड देऊन टाकला. आतली बाजू त्याची, तिला हात लावायचा नाही. बाहेरची बाजू कोणाचीच नव्हती, ती त्यांनी त्या शनिवारी पांढरी केली. ती तुझी. मला हे तेव्हा कळलं नाही, मला वाटलं म्हातारा रिवाजातून पळवाट काढतोय.

बस. मला एवढंच सांगायचं होतं. ये किंवा येऊ नको. नाताळच्या आधी मात्र मी नानांचा दगड कोणाकडून तरी उलटा करून घेणार. मेलेल्या माणसाच्या दगडाला मी जिवंत म्हणून चुना लावणार नाही, आणि चुन्याच्या दिवशी सगळ्यांचे दगड पांढरे होत असताना तो तसाच मळका ठेवणार नाही. चुडामणला सांगून ठेवलंय.

अक्का


सागझिरा
१८ डिसेंबर १९८९

हिलाल,

शनिवारी मी आणि चुडामण सगळ्यांच्या आधी वर गेलो. आदल्या दिवशी चुनकळी भिजवून ठेवली होती, ती बादली त्याच्या हातात, कुंचे माझ्या. ठरलं होतं की आधी तो नानांचा दगड उलटा करील, पाळक प्रार्थना म्हणतील आणि मग बाकीचं.

दगड उलटा होता.

नीट बसवलेला होता, डुगडुगू नये म्हणून खाली पाचर मारलेली. आपल्याकडे दगडाची कपची घालतात. ही पाचर लोखंडी होती, ट्रकच्या बॉडीच्या पट्टीतून कापलेला तुकडा, कडा कानशीनं घासून गोल केलेल्या. आणि बाहेर आलेल्या काळ्या बाजूला चुना लावलेला होता. वाळलेला. एकसारखा, ओघळ नाही.

चुडामणनं बादली खाली ठेवली आणि म्हणाला, आता मी काय करू? मी म्हटलं, बस खाली. बिचारा, वर आला की त्याच्या नशिबात हेच.

पंच आले, बाकीचे आले. पंचांनी तुझा दगड बघितला, नानांचा बघितला, परत तुझा बघितला. पाळकांनी वही काढली आणि मला हळूच विचारलं, "ताई, ही नवी प्रथा म्हणून लिहू का?" मी म्हटलं, थांबा जरा, आधी आमचे मेलेले नि जिवंत मोजून होऊ द्या. ते हसले. मग मीही हसले. शेवटी त्यांनी नानांचं नाव कुठल्या यादीत टाकायचं ते ठरवलं. विचारू नको, छापलं की पाठवीन.

सगळ्यात शेवटी भटू आबा आले, धापा टाकत, नारळ घेऊन. माझ्याकडे न बघता झाडाखाली जाऊन बसले. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आबा, बोला.

"उना व्हता," ते म्हणाले. "शुक्कीरवारले दुपारले. मन्हा मळामा पानी पिना, चुना कालवाले बालदी मांगी. वर गया, दिवस बुडता उतरना. बालदी धोईसन दिन्ही. म्हने, अक्काले आज सांगू नका, शनवारले सांगजात."

"आणखी काय म्हणाला?"

आबांनी नारळ मांडीवर घेतला. "म्हने, मन्हा दगडले अक्का चुना लावी दी."

हिलाल, हा निरोप आहे. बाहेरगावी असलेल्या माणसानं पाठवायचा तसा निरोप. तीन वर्षांत पहिला.

मी परत जाऊन तुझ्या दगडापुढे बसले. नानांनी लावलेला चुना पावसात पुसट झाला होता, त्यांच्या डाव्या हाताचे वेडेवाकडे फटकारे अजून ओळखू येत होते. मी त्यांच्यावरूनच कुंचा फिरवला. दोन हात दिले. शेजारी आईचा दगड काळा. चुडामण म्हणाला, चुना उरलाय, सासूबाईंनाही लावू का? मी नको म्हटलं. एवढे सगळे परत यायला लागले तर त्यांना शिजवून कोण घालणार?

आणि मग मला राग आला. खरा राग, कान तापेपर्यंत. शिरपूरहून बस बदलून इथवर येतोस, भटू आबांच्या मळ्यात पाणी पितोस, बादली मागतोस, धुऊन परत देतोस. वरून आपलं घर दिसतं. कौलांतून धूर निघताना दिसला असेल. तो धूर माझ्या चुलीचा होता, त्यावर वांग्याचं भरीत होतं. तुला डोंगर चढता आला आणि घरापर्यंतची उतरण जमली नाही?

राग घेऊनच घरी आले. चूल पेटवली. हाताला चुना होता, तो चरचरायला लागला. खूप दिवसांनी मला काहीतरी धड दुखलं. बरं वाटलं.

पुढचं नीट वाच. मला मूल नाही, म्हणजे आपल्यात माझा दगड भावानं उलटा करायचा. तो तूच करायचा आहेस. लोखंडी पाचर मार, ती चांगली बसते. पण बाहेरून चुना लावू नकोस. मी मेले की मला मेलेलीच राहू दे, परत उठवून कामाला लावू नकोस.

त्यासाठी तुला माझ्या माघारी यावं लागेलच. त्याआधी एकदा मी असताना ये. दार दिवसा उघडंच असतं. नानांची खाट ओसरीवरच आहे, तिची पट्टी मोडलीय, येताना वेल्डिंगचं सामान आण.

तुझी,
अक्का